लॉच्या प्रतीक्षा यादीतून बोलावणे आले, पण नोकरी चालू आहे: निर्णय कसा घ्यावा

तीन वर्षांच्या एलएलबीसाठी एमएच सीईटी (राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा) देणाऱ्यांत नोकरदारांचा भरणा मोठा असतो. बँकेतले, आयटीतले, मंत्रालयातले, शाळेत शिकवणारे, पोलीस खात्यातले. पहिल्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) राउंडला हवे ते कॉलेज लागत नाही, दुसऱ्यालाही नाही. माणूस विषय मनातून काढून टाकतो, ऑफिसात नव्या प्रोजेक्टला होकार देतो, गावी जायची तिकिटे काढतो. आणि मग यादी सरकते. ‘उद्या दुपारी तीनपर्यंत मूळ कागदपत्रे आणि फी घेऊन या, नाहीतर पुढच्या नावाला बोलावतो.’

मी वकिली करतो, त्यामुळे प्रवेशाच्या दिवसांत ओळखीतल्यांचे असे फोन येतात. प्रश्न बहुधा एकाच शब्दांत येतो: ‘नोकरी सोडू की सीट सोडू?’ असा विचारला की त्याला उत्तर सापडत नाही. आधी जागा कोणत्या प्रकारची आहे, पदवी नेमकी कशासाठी हवी आहे, आठवड्यात तेवढे तास आहेत का आणि नोकरी देणारा लेखी परवानगी देईल का, हे कळले पाहिजे. ही चारही उत्तरे नाव यादीत असतानाच मिळवता येतात. फोन आल्यावर शोधायला बसलात तर एका दिवसात ती मिळत नाहीत.

‘हजेरीचं बघून घेऊ, सगळेच मॅनेज करतात’ या भरवशावर मात्र प्रवेश घेऊ नका. का, ते पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण सगळा निर्णय तिथेच फिरतो.

१. जागा कोणती आहे ते आधी पाहा

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या कॅप फेऱ्या चालू असतील, तर वाटप फेरीगणिक होते. मिळालेली जागा फ्रीझ करायची, म्हणजे कायम करायची, की बेटरमेंटसाठी, म्हणजे अधिक पसंतीच्या कॉलेजसाठी, पुढे जायचे, हे तुम्ही ठरवता. बेटरमेंट घेतली आणि पुढच्या फेरीत वरच्या पसंतीचे कॉलेज लागले, की आधीची जागा हातची जाते. नोकरदाराला हे महागात पडू शकते. पसंतीक्रम भरताना आपण नाव पाहतो. चर्चगेटचे गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, पुण्याचे आयएलएस वगैरे वर टाकतो. पण तुमचे ऑफिस ठाण्यात असेल आणि ठाण्यातलेच कॉलेज दुसऱ्या फेरीत मिळाले असेल, तर चर्चगेटसाठी बेटरमेंट घेण्यात रोजचे दोन-अडीच तास जातील. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने कॉलेजच्या नावाइतकेच त्याच्या अंतराकडे पाहावे असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅप संपल्यावर उरलेल्या आणि संस्था स्तरावरच्या जागा भरल्या जातात. खऱ्या अर्थाने प्रतीक्षा यादी असते ती इथे. कॉलेज गुणवत्ता यादी लावते, लोक येत नाहीत, यादी खाली सरकते. इथे दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली फी: संस्था स्तरावरच्या जागेची फी कॅपच्या जागेइतकीच आहे का? विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ठरवलेला आकडा किती, हे कॉलेजला सांगावेच लागते. दुसरी सवलत: फी प्रतिपूर्तीच्या बऱ्याच सरकारी योजनांत प्रवेश कॅपमधून झालेला असणे ही अट असते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींसाठी जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेली शुल्कमाफीही कॅपमधून आलेल्यांसाठीच आहे. म्हणजे तेच कॉलेज, तोच वर्ग, पण चार दिवसांनी दुसऱ्या दाराने आलात तर सवलत जाऊ शकते. कॉलेजात महाडीबीटीचे (शिष्यवृत्ती आणि फी सवलतींच्या सरकारी पोर्टलचे) काम पाहणाऱ्या क्लार्कला हे थेट विचारा. आणि हेही लक्षात ठेवा, की उत्पन्नाच्या दाखल्यात तुमचा स्वतःचा पगारही धरला जातो.

जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवण्याची सोय या प्रक्रियेत नाही. सीईटीचे गुणही त्याच वर्षापुरते चालतात. यंदा नाही म्हटले तर पुढच्या वर्षी परीक्षा नव्याने द्यायची.

२. एलएलबी कशासाठी?

याचे उत्तर एका ओळीत कागदावर लिहा.

वकिलीच करायची असेल तर नोकरी आज ना उद्या सुटणारच आहे. वकिली आणि विधी शिक्षणाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार पूर्णवेळ पगारी नोकरीत असलेल्याला वकिली करता येत नाही. तेव्हा तुमच्यापुढे प्रश्न नोकरी कधी सोडायची एवढाच आहे, आणि तो पैशांच्या हिशेबावर सुटतो.

न्यायाधीश व्हायचे असेल तर काळाचा पल्ला लांब आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान ३ वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. महाराष्ट्रात ही परीक्षा एमपीएससी घेते. म्हणजे पदवीची तीन आणि वकिलीची तीन अशी सहा वर्षे आणि त्यानंतर परीक्षा. पस्तिशीच्या उंबरठ्यावर असाल तर या पदासाठीची वयोमर्यादा ताज्या जाहिरातीत आजच पाहून घ्या. सीईटीला वयाची अट नाही म्हणून पुढच्या परीक्षांनाही नसेल असे गृहीत धरू नका.

आहे त्याच क्षेत्रात पुढे सरकायचे असेल, म्हणजे एचआरमधून लेबर लॉकडे, बँकेतून रिकव्हरी किंवा कम्प्लायन्सकडे, बांधकाम व्यवसायातून रेराच्या कामाकडे, तर नोकरी टिकवण्याला खरे मोल आहे. पदवी आणि त्या क्षेत्रातला अनुभव एकत्र असला तरच तुम्हाला मागणी येते. तरीही ज्या पदावर डोळा आहे त्याची जाहिरात वाचा. बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या विधी अधिकारी पदासाठी नुसती पदवी पुरत नाही, बार कौन्सिलकडे नोंदणीही लागते. उलट पेटंट एजंट व्हायला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी चालते, एलएलबी लागतच नाही. तीन वर्षे देण्याआधी एवढी चौकशी तर हवीच.

‘घरात एक वकील असावा’ किंवा ‘राहून गेलेली इच्छा’ हीही कारणे असू शकतात, आणि त्यांत कमीपणा नाही. फक्त त्या कारणासाठी घरखर्चाला हात लावू नका. ती इच्छा दोन वर्षे थांबू शकते.

३. तासांचा हिशेब

इथे घाई करू नका. कागद-पेन घ्या.

बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे सत्र किमान १५ आठवड्यांचे असते. आठवड्याला किमान ३० तास, त्यातली किमान २४ तासांची व्याख्याने. निवासी नसलेल्या कॉलेजांत वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच भरवता येतात. मागच्या पिढीतल्या कित्येक कारकुनांनी आणि शिक्षकांनी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जाऊन लॉ केले, ते दिवस आता राहिले नाहीत. ‘काकांनी नोकरी करून केलं, तुला का जमणार नाही?’ असे घरी कोणी म्हणाले तर त्यांना हा फरक समजावून सांगा. पत्रव्यवहाराने केलेल्या एलएलबीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही, तेव्हा तोही मार्ग बंद समजा.

हजेरी प्रत्येक विषयात ७० टक्के लागते. त्यात व्याख्याने, ट्युटोरियल, मूट कोर्ट (सरावाचा नकली खटला), प्रात्यक्षिक सगळे धरले जाते. अपवादात्मक कारण असेल तर प्राचार्य एखाद्या विषयात ६५ टक्क्यांपर्यंत सूट देऊ शकतात, पण सर्व विषय मिळून ७० टक्के भरायलाच हवेत. काही विद्यापीठे आणि कॉलेजे याहून जास्त हजेरी मागतात. आपल्या कॉलेजचा आकडा विचारून घ्या.

आता आकडे मांडू. ३० तासांचे ७० टक्के म्हणजे आठवड्याला २१ तास. सहा दिवसांत वाटले तर रोज साडेतीन तास. वर्ग सकाळी आठला सुरू होत असतील तर साडेअकरापर्यंत तुम्ही कॉलेजात. त्यात प्रवास मिळवा. सकाळी दहाच्या ऑफिसला हे बसत नाही. दुपारी साडेबाराला सुरू होऊन रात्री नऊला सुटणाऱ्या शिफ्टला बसते. पाच दिवसांच्या ऑफिसात शनिवार मोकळा मिळतो, पण एका शनिवारने बाकीचे पाच दिवस भरून निघत नाहीत.

यातली खरी अडचण टक्केवारीपेक्षा ‘प्रत्येक विषयात’ या शब्दांत आहे. रोज शेवटचा तास सोडून निघालात आणि वेळापत्रकात शेवटच्या तासाला आठवड्यातले चार दिवस कराराचा कायदाच असेल, तर एकूण हजेरी ७५ टक्के असूनही करारात तुम्ही पडता. म्हणून नुसती कॉलेजची वेळ विचारू नका, प्रथम वर्षाचे विषयवार वेळापत्रक मागा. नोटीस बोर्डवर लागलेले असते, फोटो काढून घ्या.

उशिरा प्रवेश मिळालेल्यांचा आणखी एक प्रश्न असतो. एका विषयाची आठवड्याला ४ व्याख्याने धरली तर सत्रात ६० होतात. ७० टक्के म्हणजे ४२, म्हणजे १८ बुडली तरी चालतात. पण तुमचा प्रवेश तीन आठवडे उशिरा झाला आणि कॉलेज हजेरी सत्राच्या पहिल्या दिवसापासून मोजत असेल, तर १२ आधीच गेलेली. उरली ६, आणि सत्राचे आठवडे १२. दोन आठवड्यांतून एक व्याख्यान चुकवायची मुभा. ताप आला, क्लायंटची मीटिंग आली, लोकल रखडली, हे सगळे त्यातच. हजेरी प्रवेशाच्या तारखेपासून मोजणार का, हा प्रश्न विचारल्याशिवाय फी भरू नका. उत्तर ईमेलवर घ्या.

यावर लोक दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल दाखवतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या न्यायालयाने हजेरी कमी आहे म्हणून लॉच्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसण्यापासून रोखू नये असे म्हटले आणि बार कौन्सिलला हजेरीच्या नियमांचा फेरविचार करायला सांगितले. निकाल महत्त्वाचा आहे. पण तुमचा परीक्षा अर्ज तुमच्या कॉलेजचे प्राचार्य पुढे पाठवणार आहेत, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर न्यायालयात धाव घेण्याची पाळी नोकरदाराला परवडत नाही. असे निकाल अडचणीत सापडलेल्याला वाचवायला उपयोगी पडतात. तीन वर्षांचे नियोजन त्यांच्या आधारावर करू नये.

वर्गांशिवाय इंटर्नशिप आहे, आणि ती बहुतेक जण धरतच नाहीत. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण किमान १२ आठवडे, आणि एका वर्षात सलग ४ आठवड्यांहून जास्त नाही. साधा अर्थ असा, की दरवर्षी सुमारे एक महिना. कोर्टाचे कामकाज भर दिवसा चालते, तेव्हा हे ऑफिसनंतर होत नाही. अर्जित रजा किती शिल्लक आहे ते आजच पाहा आणि ती लग्नकार्यांत संपवू नका.

शेवटी तुमच्या कामाचा वर्षभराचा ताण या वेळापत्रकावर ठेवून पाहा. बँकेत मार्च, सीएच्या ऑफिसात सप्टेंबर-ऑक्टोबर, शिक्षकांना बोर्डाच्या परीक्षा आणि निवडणुकीची ड्युटी, पोलिसांना गणपतीचा बंदोबस्त. प्रवेश लांबले की पहिले सत्र दाटीवाटीने उरकले जाते आणि दुसरे लगेच सुरू होते. दोन्ही ताण एकाच महिन्यात आले तर काय सोडाल, हे आधी ठरवा.

४. नोकरी लपवायची नाही

२४ सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने बार कौन्सिल ऑफ इंडियाने विधी महाविद्यालयांना काही गोष्टी सक्तीच्या केल्या: बायोमेट्रिक हजेरी, वर्गांत सीसीटीव्ही आणि विद्यार्थ्याकडून लेखी घोषणापत्र. पदवीच्या काळात आपण नोकरी किंवा व्यवसायात नव्हतो, किंवा असलो तर वैध ना-हरकत प्रमाणपत्र घेतले होते, असे त्यात जाहीर करायचे असते. सोबत दुसरी कोणती नियमित पदवी घेत नसल्याचेही. माहिती लपवली तर अंतिम गुणपत्रक आणि पदवी रोखली जाऊ शकते.

तेव्हा तीन वर्षे खपून पदवी अडकण्यापेक्षा आज एनओसी मागितलेली बरी. मालकाकडून घेतलेल्या एनओसीत नुसते ‘हरकत नाही’ नको. पद, कामाची वेळ, आणि कॉलेजच्या वेळेत तुम्हाला कामावर हजर राहावे लागणार नाही हे वाक्य त्यात असू द्या. पीएफच्या नोंदी, पगाराच्या स्लिपा, बायोमेट्रिक हजेरी या सगळ्यांवर तारखा असतात. एकाच वेळी ऑफिसात आणि वर्गात हजर दिसणारा माणूस दोन्हीकडे खोटा ठरतो. ज्याला पुढे कोर्टात प्रतिज्ञापत्रे दाखल करायची आहेत, त्याने आपली सुरुवात खोट्या घोषणापत्राने करू नये, असे मला मनापासून वाटते.

सरकारी नोकरीत असाल तर शिक्षणासाठी खात्याची पूर्वपरवानगी काढा. ‘अध्ययन रजा घेतो’ हे बोलायला सोपे आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांना ती साधारण ५ वर्षांच्या सेवेनंतर, कामाशी थेट संबंध असलेल्या शिक्षणासाठी आणि संपूर्ण सेवाकाळात सहसा २४ महिन्यांपर्यंतच मिळते. एलएलबीला ३६ लागतात. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी आपल्या आस्थापना शाखेत रजा नियम दाखवून विचारावे. उरलेल्या वर्षाचे काय, हे ठरल्याशिवाय रजेचा अर्ज करू नका.

५. पैसे

हिशेब पगारावरून सुरू करू नका. घराला दरमहा तुमच्याकडून किती लागतात तिथून सुरू करा. समजा घरखर्चातला तुमचा वाटा २२,००० आणि कर्जाचा हप्ता ८,०००. महिन्याला ३०,००० झाले. ३६ महिन्यांचे १० लाख ८० हजार. वकिलीच करणार असाल तर ४८ महिने धरा, कारण सीनियरकडे ज्युनिअर म्हणून सुरुवात करताना पहिल्या वर्षी हातात फार थोडे येते. मग आकडा १४ लाख ४० हजार होतो. त्यात फी, प्रवास, पुस्तके मिळवा. एवढी रक्कम बचत, जोडीदाराचा पगार, शेतीचे उत्पन्न यांतून उभी राहते का? राहत असेल तर नोकरी सोडण्याचा विचार करता येतो. निम्मीच उभी राहत असेल तर अर्धवेळ काम किंवा बदललेली शिफ्ट हाच मार्ग.

शैक्षणिक कर्ज मिळते, पण घरखर्च भागवायला ते नसते. अनुदानित कॉलेजात फी इतकी कमी असते की कर्जाची गरजही पडू नये. पीएफला हात लावू नका. पाच वर्षांची सलग सेवा भरायला काही महिनेच उरले असतील तर ग्रॅच्युइटीसाठी तेवढे थांबता येईल का पाहा.

आरोग्य विम्याकडे लोक सगळ्यात शेवटी पाहतात, पाहायला हवे सगळ्यात आधी. ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये आईवडील असतील तर राजीनाम्याबरोबर त्यांचेही संरक्षण जाते. नवी पॉलिसी घेतली की आधीपासूनच्या आजारांना ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा काळ असू शकतो. म्हणजे अगदी तुमच्या एलएलबीएवढाच. गट विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाऊन आधीचा काळ धरून घेता येतो का, हे नोकरीत असतानाच एचआरला आणि विमा कंपनीला विचारा.

एक खर्च मात्र कमी झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानंतर सनदेचे नोंदणी शुल्क खुल्या वर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांवर आले.

६. साहेबांशी बोलणे

यादीत नाव आहे, पण प्रवेश झालेला नाही. मग आत्ता सांगावे का? माझ्या मते कॉलेजकडून वेळापत्रक हातात आल्यावर आणि यादीत तुमचा नंबर पंधरा-वीसच्या आत आल्यावर सांगावे. त्याआधी सांगितले तर ‘हा जाणार’ असा शिक्का बसतो आणि प्रवेश मात्र होत नाही. प्रवेशानंतर सांगितले तर विश्वास जातो.

बोलताना ‘मला लॉ करायचं आहे, काय करू?’ असे मोघम विचारू नका. साहेबांनी हो किंवा नाही म्हणावे असा नेमका प्रस्ताव न्या. मागाहून मेल टाका. इंग्रजीत लिहिणार असाल तरी मजकूर असा असावा:

‘आदरणीय सर, मला तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश मिळण्याची शक्यता आहे. वर्ग सोमवार ते शनिवार सकाळी ८ ते ११.३० आहेत. माझी कामाची वेळ दुपारी १२.३० ते रात्री ९ करावी अशी विनंती आहे. सकाळच्या रिपोर्टचे काम आदल्या रात्री पूर्ण करून ठेवीन. सत्र परीक्षांच्या काळात आणि वर्षातून एकदा इंटर्नशिपसाठी मी माझ्या शिल्लक रजेतून रजा घेईन. ही सोय पहिल्या सत्रापुरती करून पाहावी आणि त्यानंतर फेरविचार करावा. मान्य असल्यास सोबतच्या मसुद्याप्रमाणे ना-हरकत पत्र मिळावे.’

पहिल्या सत्रापुरती मुदत मागण्याचा फायदा असा, की साहेबांनाही होकार द्यायला जड जात नाही. तोंडी ‘हो रे, कर तू’ यावर मात्र थांबू नका. साहेब बदलतात, पत्र राहते.

राजीनामा द्यायचाच ठरला तर नियुक्तिपत्र काढून नोटीस पिरियड पाहा. आयटीत बऱ्याचदा ९० दिवस असतात आणि लॉचे प्रवेश अनेकदा पावसाळा संपेपर्यंत लांबतात. नोटीस पूर्ण करत बसलात तर पहिले सत्र हातातून जाते. म्हणून बाय-आउट (नोटीस न भरता निघण्यासाठी द्यायची रक्कम) किती, शिल्लक रजा त्यात वळती होते का, बाँड आहे का, हे राजीनामा देण्याआधी विचारा. रिलीव्हिंग लेटर घेतल्याशिवाय निघू नका. पुढे तो कागद लागतो.

७. घरी

घरी परवानगी मागण्याऐवजी वेळापत्रक ठेवा. मुलांना शाळेत कोण सोडणार, सकाळचे डबे कोण करणार, आईच्या तपासणीला कोण नेणार, रविवारी अभ्यासाला चार तास कुठे बसणार. नोकरी आणि कॉलेज सांभाळणाऱ्याचे राहिलेले काम घरातले कोणीतरी उचलत असते, आणि बहुतेक घरांत ते बाईच्या वाट्याला येते. तिने मनापासून हो म्हटले आहे का, की विषय वाढू नये म्हणून, हे तुम्हालाच ओळखावे लागेल. स्वतः शिकणारी बाई असेल तर घरातल्या कामाची वाटणी प्रवेशाआधी ठरवून घ्यावी. नंतर ती होत नाही.

८. फोन आला

सगळी उत्तरे हाताशी असतील तर आता फार काही करायचे नाही. फोनवरच्या माणसाचे नाव, वेळ आणि सांगितलेली मुदत लिहून घ्या, आणि हेच ईमेलवर किंवा कॉलेजच्या संकेतस्थळावर आले आहे का पाहा. फी कॉलेजच्या अधिकृत खात्यातच भरा, पावती घ्या.

मूळ कागदपत्रांची फाइल आधीच तयार असावी: दहावी-बारावी-पदवीची गुणपत्रके, सीईटीचे गुणपत्रक, लिव्हिंग सर्टिफिकेट, दुसऱ्या विद्यापीठातून आला असाल तर मायग्रेशन, शिक्षणात खंड असल्याने गॅप सर्टिफिकेट, लागू असेल तर जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमी लेयर. नोकरदारांचे घोडे बहुधा लिव्हिंगवर अडते. पदवीच्या कॉलेजातून ते कधी काढलेलेच नसते, आणि ते कॉलेज दुसऱ्या जिल्ह्यात असते.

दुसऱ्या लॉ कॉलेजात आधी प्रवेश घेतला असेल तर तो रद्द केल्याशिवाय नवा होत नाही. पण नव्या कॉलेजकडून जागा निश्चित असल्याचे लेखी हातात येईपर्यंत जुना रद्द करू नका. जुनी फी परत मिळण्याची अंतिम तारीख उलटली आहे का, तेही पाहा. ती उलटली की भरलेली फी सहसा परत मिळत नाही.

हो म्हणायचे की नाही यावर अजूनही मन अडत असेल तर तीन अटी लावून पाहा. वेळापत्रकात विषयवार ७० टक्के हजेरी बसते. एनओसी किंवा राजीनाम्याची तारीख, दोन्हींपैकी एक कागदावर आहे. पहिल्या १२ महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे. तिन्ही पूर्ण होत असतील तर फी भरून टाका, उरलेल्या दोन वर्षांचे जमवता येते. पहिली अट पूर्ण होत नसेल तर बाकी दोन असूनही प्रवेश घेऊ नका. दुसरी किंवा तिसरी अडली असेल आणि मुदत उद्याचीच असेल, तर मी जागा सोडायचा सल्ला देईन. पुढच्या सीईटीपर्यंतच्या महिन्यांत रजा साठते, खर्चाची तजवीज होते, साहेबांचे मन वळते. यंदा गुण किती पडले आणि कोणते कॉलेज कुठे थांबले याचा अंदाजही आता तुमच्याकडे आहे.

नाही म्हणायचे ठरले तर कॉलेजला त्याच दिवशी फोन करून आणि मेल टाकून कळवा, मुदत संपायची वाट पाहू नका. तुमच्या खालचा माणूसही कुठल्यातरी ऑफिसात बसून त्याच फोनची वाट पाहत असतो. मग फाइल नीट बांधून ठेवा, लिव्हिंग आणि मायग्रेशन या सुट्टीतच काढून आणा, नॉन-क्रीमी लेयरची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहा आणि सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर पुढच्या वर्षीच्या नोंदणीवर लक्ष ठेवा. पुढच्या खेपेला पसंतीक्रम भरताना पहिल्या तीन ओळींत ऑफिसपासून पाऊण तासाच्या आतली कॉलेजे टाका.